क्रिप्टो पाठवलं, पण पोहोचलंच नाही: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कराडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. प्रिंटर, राउटर, बंद पडलेल्या हार्ड डिस्क या नेहमीच्या कामांसोबत गेली काही वर्षं आणखी एक काम सतत टेबलावर येतं. कोणीतरी मोबाइल पुढे करतं आणि घाबऱ्या आवाजात विचारतं, "दादा, पैसे गेले का हो?"

बहुतेक वेळा पैसे गेलेले नसतात. आणि ज्यांचे खरंच गेले, त्यातल्या बऱ्याच जणांचे ते मूळ बिघाडामुळे गेले नव्हते. घाबरून पहिल्या तासाभरात जे केलं, त्यात गेले. कोणी ॲप, म्हणजे वॉलेट, काढून टाकलं आणि ते पुन्हा उघडायला लागणारे बारा शब्द लिहून ठेवलेलेच नव्हते. कोणी तीच रक्कम पुन्हा पाठवली. कोणी टेलिग्रामवरच्या 'मदतनीसा'ला बारा शब्द देऊन टाकले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं. वॉलेटमध्ये नाणी नसतात. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य कॉम्प्युटरवर असलेल्या सामायिक खातेवहीत असते (पुढे तिला नुसतं 'साखळी' म्हणतो) आणि वॉलेटमध्ये फक्त रक्कम खर्च करायची गुप्त चावी असते. बारा शब्द म्हणजे त्याच चावीची लिखित प्रत. फोनवरचं ॲप म्हणजे बँकेतलं पासबुक छापायचं मशीन समजा. मशीन बंद पडलं म्हणून खात्यातली रक्कम कमी होत नाही.

लक्षणं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

- पाठवणाऱ्याकडे 'यशस्वी' दिसतंय, घेणाऱ्याकडे शून्य.
- व्यवहार तासन्‌तास 'पेंडिंग' आहे, आणि त्यानंतर केलेलेही त्याच्यामागे अडकलेत.
- व्यवहार फेल झाला, फी मात्र कापली गेली.
- शिल्लक दिसते, पण पुढे पाठवता येत नाही.
- नवीन फोनवर बारा शब्द टाकले, वॉलेट उघडलं, पण रिकामं.
- स्वतःचा नोड (सगळी साखळी उतरवून तपासणारा कॉम्प्युटर) चालवताय आणि तो एका ब्लॉकवर, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यावर, थांबून राहिलाय.

तपासणी सुरू करण्याआधी तीन गोष्टी करू नका. ॲप काढू नका, रक्कम पुन्हा पाठवू नका आणि बारा शब्द कुठल्याही वेबसाइटवर, फॉर्मवर किंवा चॅटमध्ये टाइप करू नका. खाली सांगितलेल्या पहिल्या सहा तपासण्यांत बारा शब्दांची गरज एकदाही लागत नाही.

१. व्यवहाराचा हॅश आहे का?

याला पैसा लागत नाही, मिनिटभर लागतं. ब्लॉकचेनवर गेलेल्या प्रत्येक व्यवहाराला एक लांबलचक क्रमांक मिळतो, त्याला हॅश किंवा टीएक्सआयडी म्हणतात. ॲपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो. तो कॉपी करून जपून ठेवा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

हॅशच नसेल, तर व्यवहार साखळीवर गेलेलाच नाही. एक्स्चेंजवरून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडून) पैसे काढताना 'प्रोसेसिंग' दिसत असेल आणि हॅश नसेल, तर रक्कम अजून एक्स्चेंजकडेच आहे. नवीन पत्ता जोडला, पासवर्ड बदलला किंवा केवायसी अर्धवट राहिली की एक्स्चेंज काही काळ पैसे रोखून धरतात. इथे वॉलेटशी खटपट करून उपयोग नाही. ॲपच्या आतूनच तक्रार नोंदवा. गुगलवर मदतीचा नंबर शोधू नका, तिथे वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात.

रुपयात विकल्यावर हिशोबापेक्षा थोडी कमी रक्कम आली असेल, तर आधी टीडीएस बघा. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावाच्या टीडीएसच्या विवरणात दिसतो.

२. एक्सप्लोररवर बघा

एक्सप्लोरर म्हणजे साखळीवरची नोंद दाखवणारी साइट: बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन. पत्ता स्वतः टाइप करून साइट उघडा, हॅश टाका. लॉगिन लागत नाही, आणि कोणी लॉगिन मागत असेल तर ती साइट खोटी.

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण ॲप चुकू शकतं पण साखळीवरची नोंद चुकत नाही. उत्तर चारपैकी एक येतं: सापडलं नाही, पेंडिंग, फेल किंवा यशस्वी. सापडलंच नाही, तर बहुतेकदा एक्सप्लोरर चुकीच्या नेटवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच साखळीचा, उघडलेला असतो. ट्रॉनवरचा व्यवहार इथरस्कॅनवर दिसणार नाही.

यशस्वी असेल तर किती कन्फर्मेशन झालीत, म्हणजे तो नोंदला गेल्यापासून किती ब्लॉक आले, ते बघा. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो. सरासरी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कधी दोन मिनिटांत दोन ब्लॉक येतात, कधी पाऊण तास एकही येत नाही, आणि त्यात बिघाड काही नसतो. घेणारं एक्स्चेंज स्वतः ठरवलेली कन्फर्मेशन पूर्ण झाल्याशिवाय रक्कम जमा करत नाही.

३. यशस्वी आहे, पण दिसत नाही: नेटवर्क कुठलं होतं?

दुकानात येणाऱ्या निम्म्या केसेस इथेच सुटतात. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन, म्हणजे दुसऱ्या साखळीवर चालणारं नाणं) हे एकच नाव असलं तरी ते इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे, बीएनबी चेनवर आहे, आणखीही बऱ्याच साखळ्यांवर आहे. एक्स्चेंजवर पैसे काढताना ईआरसी-२० (इथेरियम), टीआरसी-२० (ट्रॉन), बीईपी-२० (बीएनबी चेन) अशी यादी समोर येते आणि माणूस फी सगळ्यात कमी बघून बोट ठेवतो.

ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो, त्यामुळे तिथे सहसा गफलत होत नाही, वॉलेटच नकार देतं. घोळ होतो तो इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन यांच्यात. तिन्हींचा पत्ता 'शून्य-एक्स'ने सुरू होणारा, ४२ अक्षरांचा आणि तंतोतंत एकच असतो. तुम्ही इथेरियम समजून बीएनबी चेनवर पाठवलं, तर रक्कम तुमच्याच पत्त्यावर, तुमच्याच चावीखाली, पण दुसऱ्या साखळीवर बसलेली असते. वॉलेटमध्ये ती साखळी जोडा, टोकन जोडा, रक्कम दिसते. हलवायला थोडे बीएनबी लागतील, कारण फी त्या साखळीच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते.

हे फक्त तुमच्या स्वतःच्या वॉलेटला लागू आहे. चुकीच्या नेटवर्कवरून एक्स्चेंजच्या पत्त्यावर पाठवलं असेल, तर चावी त्यांच्याकडे आहे. हॅश देऊन तक्रार करा आणि वाट बघा. टोकन त्याच टोकनच्या कॉन्ट्रॅक्टच्या (ते टोकन चालवणाऱ्या साखळीवरच्या प्रोग्रॅमच्या) पत्त्यावर पाठवलं असेल, तर मात्र ते परत मिळायची वाट जवळजवळ नाही. हे मला लोकांना सांगावं लागतं तेव्हा वाईट वाटतं, पण खोटी आशा दाखवून त्यांना भामट्यांच्या तोंडी देण्यापेक्षा ते बरं.

एक्सआरपी किंवा स्टेलर ही नाणी पाठवताना टॅग किंवा मेमो राहिला का, तेही बघा. तिथे एक्स्चेंजच्या हजारो ग्राहकांचा पत्ता एकच असतो आणि माणूस ओळखायचा तो टॅगवरून. इमारतीचा पत्ता लिहिला आणि फ्लॅट नंबर राहिला, तसं होतं. हॅश आणि खात्याचा तपशील दिला की बरीच एक्स्चेंज शोधून जमा करतात, वेळ मात्र घेतात.

४. पत्ता अक्षर-अक्षर जुळवा

पुढची चार आणि मागची चार अक्षरं बघून लोक समाधान मानतात. नेमकं हेच भामट्यांना ठाऊक असतं. ते तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखा दिसणारा, पुढची-मागची अक्षरं जुळणारा पत्ता बनवतात आणि त्यावरून तुम्हाला शून्य रकमेचा व्यवहार पाठवून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून पत्ता कॉपी करता आणि रक्कम त्यांच्याकडे जाते. मे २०२४ मध्ये एकाच माणसाने असा फसून १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवरचं, बिटकॉइनच्या भावाचं टोकन), म्हणजे तेव्हाचे सुमारे ६.८ कोटी डॉलर पाठवले होते. बोलणी करून त्याला बहुतेक रक्कम परत मिळाली, पण तशी आशा कोणी धरू नये.

दुसरी शक्यता कॉम्प्युटरमधल्या व्हायरसची. तुम्ही एक पत्ता कॉपी करता, पेस्ट होतो दुसराच. तपासायचं सोपं आहे. नोटपॅड उघडा, पत्ता चार वेळा पेस्ट करा आणि मूळ पत्त्याशी मधली अक्षरंही जुळवा. एकदा जरी वेगळा आला तर त्या कॉम्प्युटरवर वॉलेट उघडू नका. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावर नवीन वॉलेट, नवीन शब्द तयार करून उरलेली रक्कम तिकडे न्या, मगच विंडोज नव्याने टाका.

५. पेंडिंग आहे: अडकलेला व्यवहार सोडवणं

बिटकॉइन. पाठवलेला व्यवहार आधी मेमपूलमध्ये, म्हणजे रांगेत, थांबतो आणि मायनर (ब्लॉक बनवणारे) जास्त फीवाले आधी उचलतात. फी रकमेवर ठरत नाही. व्यवहाराचा आकार किती व्हीबाइट (बिटकॉइनमधलं आकाराचं माप) आणि दर व्हीबाइटला किती सातोशी, यावर ठरते. एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. गर्दी कधी कधी अंगावर येते. २० एप्रिल २०२४ ला हाविंग, म्हणजे मायनरचं बक्षीस निम्मं होणं, झालं, त्या ८,४०,००० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मायनरचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइनवर आलं आणि त्याच एका ब्लॉकमध्ये ३७ बिटकॉइनहून जास्त फी जमा झाली. त्या दिवशी नेहमीची फी लावलेले व्यवहार मागेच पडले.

पहिला उपाय वाट बघण्याचा, आणि तो फुकट आहे. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या रविवारी दुपारी गर्दी बरीच उतरते. बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये न उचललेला व्यवहार १४ दिवसांनी मेमपूलमधून निघून जातो आणि नाणी पुन्हा वापरायला मोकळी होतात. ती हरवत नाहीत.

घाई असेल तर दुसरा उपाय: तोच व्यवहार जास्त फी लावून बदलणं. वॉलेटमध्ये 'बम्प फी' किंवा 'स्पीड अप' असं बटण असतं. हे पाठवणाऱ्यालाच करता येतं.

तुम्ही घेणारे असाल तर तिसरा उपाय. अडकलेल्या व्यवहारातून तुमच्याकडे येणारी नाणी तुम्ही स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मोठी फी लावून पाठवायची. मायनरला ती मोठी फी हवी असेल तर आधीचा व्यवहारही उचलावाच लागतो. हिशोब असा: अडकलेला व्यवहार १४१ व्हीबाइटचा, फी ३ सातोशीच्या दराने ४२३. तुमचा नवीन व्यवहार ११० व्हीबाइटचा. दोन्ही मिळून २५१. दर २० हवा असेल तर एकूण ५,०२० सातोशी लागतील. त्यातले ४२३ आधीच भरलेत, म्हणून नवीन व्यवहारावर ४,५९७ लावायचे, म्हणजे दर साधारण ४२ पडतो. लोक इथे नवीन व्यवहाराला नुसता २० चा दर लावतात आणि काही हललं नाही म्हणून पुन्हा येतात. मागच्याची तूटही पुढच्याला भरायची असते.

इथेरियम. इथे प्रत्येक खात्याच्या व्यवहाराला क्रमाने नंबर पडतो, त्याला नॉन्स म्हणतात. दवाखान्यातल्या नंबरासारखंच, पण इथे मधला नंबर ओलांडून पुढे जाताच येत नाही. ७ नंबर कमी फीमुळे अडकला असेल तर ८, ९ आणि १० कितीही फी लावून पाठवा, ते मागेच उभे राहणार. म्हणून शेवटच्या व्यवहाराला धक्का देऊन काही होत नाही. इथरस्कॅनवर सगळ्यात लहान नॉन्सचा पेंडिंग व्यवहार शोधा आणि 'स्पीड अप' किंवा 'कॅन्सल' त्याच्यावर करा.

कॅन्सल म्हणजे तोच नॉन्स वापरून स्वतःलाच शून्य इथर (इथेरियमचं नाणं) पाठवणं. त्यालाही फी लागते. नवीन फी जुन्यापेक्षा निदान १० टक्के जास्त नसेल तर नोड ती घेतच नाहीत, आणि कमाल फी व टिप (ब्लॉक बनवणाऱ्याला द्यायची जादा फी) दोन्ही वाढवाव्या लागतात. एक्सप्लोररवर पेंडिंग काहीच नाही आणि मेटामास्क वॉलेटमध्ये मात्र पेंडिंग दिसतंय, असं असेल तर सेटिंगमधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन ॲक्टिव्हिटीची माहिती पुसा. त्याने चावीला किंवा रकमेला काही होत नाही, फक्त ॲपची चुकलेली आठवण जाते.

६. फेल झाला, किंवा शिल्लक दिसते पण हलत नाही

साधा इथर पाठवायला २१,००० गॅस (इथेरियमवरच्या कामाचं माप, फी त्यावर ठरते) लागतो, टोकनला त्याहून बराच जास्त. फी वाचवायला गॅस लिमिट हाताने कमी करू नका. मध्येच गॅस संपला की काम उलटवलं जातं, पण तोवर झालेल्या गणनेची फी परत येत नाही. लिमिट वॉलेटला ठरवू द्या.

ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायला 'एनर्जी' (तिथला गॅस) लागते, ती नसेल तर टीआरएक्स (ट्रॉनचं नाणं) जळतात, म्हणजे फी म्हणून खर्च होतात. समोरच्याच्या पत्त्यावर आधीपासून यूएसडीटी असतील तर साधारण ६५,००० एनर्जी, नसतील तर १,३०,००० च्या आसपास. म्हणून एकाला पाठवता आलं आणि दुसऱ्याला पाठवताना फेल झालं, हे अगदी शक्य आहे. थोडे टीआरएक्स जास्त ठेवा.

पण टीआरएक्स टाकूनही हलत नसेल तर थांबा आणि स्वतःला विचारा: हे वॉलेट माझ्याकडे आलं कुठून? उंब्रजहून एक मुलगा आला होता. कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी 'चुकून' टाकलेले बारा शब्द त्याला मिळाले, आत यूएसडीटी दिसत होते. बाहेर काढायला त्याने तीनदा टीआरएक्स भरले. ट्रॉनस्कॅनवर त्या खात्याच्या परवानग्या उघडून दाखवल्या, तेव्हा खर्च करायचा अधिकार दुसऱ्याच पत्त्याकडे दिलेला होता. तो सापळाच होता. अशा खात्यात आणखी एक रुपयाही टाकू नका.

न मागता आलेल्या, नावात वेबसाइटचा पत्ता असलेल्या टोकनलाही हात लावू नका. विकायला गेलात की ती साइट तुमच्याकडून परवानगी मागते आणि खरी टोकनं घेऊन जाते.

७. नोड अडकलाय

हे सगळ्यांना लागू नाही. पण जे चालवतात, त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. काहीही करण्याआधी बिटकॉइन कोअर बंद करा आणि 'वॉलेट डॉट डॅट' या चावीच्या फाइलची पेनड्राइव्हवर प्रत घ्या. 'सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतो' म्हणून डेटाचं फोल्डर उडवलं आणि चावी त्यातच गेली, असं घडतं. ब्लॉक पुन्हा उतरवता येतात, चावी येत नाही.

आधी घड्याळ बघा. हे ऐकून लोक हसतात, पण इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचा नोड चार दिवस याच कारणाने अडकला होता. त्याच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही. उबंटू हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ भारतीय समजून वाचतं. म्हणजे विंडोज बरोबर साडेपाच तास मागे. बिटकॉइन कोअर आपल्या घड्याळाच्या दोन तासांहून पुढची वेळ असलेला ब्लॉक नाकारतं. त्यामुळे गेल्या साडेतीन तासांतला प्रत्येक ब्लॉक त्याला भविष्यातला वाटत होता. उबंटूला हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला लावलं, वेळ दुरुस्त केली, नोड पुन्हा सुरू केला. अर्ध्या तासात सगळं जागेवर. जुन्या डेस्कटॉपवर हेच मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमुळे होतं, सेल बदलला की काम भागतं.

मग डिस्कची जागा बघा. पूर्ण साखळीला ६०० जीबीहून जास्त जागा लागते आणि ती वाढतच असते. जागा नसेल तर प्रूनिंग (जुने ब्लॉक पुसत जाणं) चालू करा, ब्लॉकची जागा कमीत कमी ५५० एमबीपर्यंत खाली आणता येते. मात्र प्रून केलेल्या नोडवर नंतर जुनी चावी आणली तर जुने व्यवहार शोधता येत नाहीत, कारण ते ब्लॉक पुसलेले असतात.

इतर नोडशी जोडण्या शून्य असतील तर फायरवॉल किंवा अँटिव्हायरस अडवतोय. राउटरमध्ये ८३३३ पोर्ट उघडलं नाही तरी नोड चालतो, बाहेर जाणाऱ्या दहाएक जोडण्या पुरतात.

आणि मग लाईट. आमच्या भागात पावसाळ्यात लाईट जाते, तिला वेळकाळ नाही. ब्लॉक लिहीत असताना वीज गेली की डेटाबेस अर्धवट राहतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा बांधू का, असं विचारलं जातं. आधी फक्त चेनस्टेट (शिलकीची यादी) रीइंडेक्स करा, म्हणजे उतरवलेल्या ब्लॉकवरून नव्याने बांधा, त्याने भागलं नाही तर पूर्ण रीइंडेक्स. साध्या हार्ड डिस्कवर याला कित्येक दिवस लागू शकतात, एसएसडीवर खूपच कमी. मेमरी भरपूर असेल तर डीबीकॅश (डेटाबेससाठी नोडला दिलेली मेमरी) वाढवून घ्या. प्रून केलेल्या नोडला रीइंडेक्स म्हणजे सगळं पुन्हा डाउनलोड, हे लक्षात ठेवा. छोटा यूपीएस घेतलात तर यातलं बरंच टळतं. दर महिन्याला हीच चूक येत असेल तर दोष डिस्कचा किंवा रॅमचा आहे, त्यांची चाचणी करून घ्या.

८. बारा शब्द टाकले, वॉलेट रिकामं

सगळ्यात अवघड तपासणी ही, म्हणून शेवटी. ती स्वतःच्या हाताने, एकट्याने करायची. दुकानात असलं काही आलं की मी ग्राहकालाच कीबोर्डवर बसवतो, इंटरनेट काढतो आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे उभा राहतो.

एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाने परदेशी जाताना आईच्या फोनवर वॉलेट करून दिलं होतं. बारा शब्द बाईंनी शाळेच्या दुरेघी वहीत, सुंदर वळणदार अक्षरात, देवनागरीत लिहून घेतले. फोन पाण्यात पडला. नवीन फोनवर शब्द घेतलेच जाईनात. वहीवर नुसती नजर टाकली तेव्हा दोन शब्द खटकले: 'वेअर' आणि 'राइट'. शब्दांची ठरलेली यादी २,०४८ इंग्रजी शब्दांची असते. त्यात 'वेअर' असा ऐकू येणारा शब्द दोनदा आहे, एक कपडे घालण्याचा आणि एक 'कुठे' विचारण्याचा. 'राइट'चंही तसंच, एक उजवीकडचा आणि एक लिहिण्याचा. म्हणजे एकूण चार जोड्या. बारा शब्दांत एक पडताळणी लपलेली असते, चुकीची जोडी बहुतेक वेळा वॉलेट स्वतःच नाकारतं. तिसऱ्या जोडीला वॉलेट उघडलं. बाईंनी जुन्या पासबुकामागे लिहिलेला पत्ता काढून अक्षर-अक्षर जुळवला आणि मगच खुर्चीला टेकल्या. जाण्याआधी मी त्यांना तेच शब्द स्वतःच्या हाताने इंग्रजी स्पेलिंगसह लिहायला लावले.

शब्द बरोबर आहेत, वॉलेट उघडतंय पण रिकामं आहे, तर या क्रमाने बघा.

एक, जुना पत्ता कशाने सुरू होत होता? 'एक' आकड्याने, 'तीन'ने, की 'बीसी१'ने? त्याच शब्दांपासून वेगवेगळ्या मार्गांनी वेगवेगळे पत्ते तयार होतात: ४४, ४९, ८४ आणि ८६ हे बिटकॉइनचे नेहमीचे मार्ग. नवीन वॉलेट ८४ वर बघत असेल आणि तुमची नाणी ४४ वर असतील तर रिकामंच दिसणार.

दोन, बारा शब्दांवर जादा पासफ्रेज, म्हणजे स्वतःचा वेगळा पासवर्ड, लावली होती का? हीच बाब लोकांना सगळ्यात जास्त रडवते. पासफ्रेज चुकली तर 'चूक आहे' असा संदेश येत नाही, दुसरं रिकामं वॉलेट निमूट उघडतं. कॅपिटल-स्मॉल आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, सगळं मोजलं जातं.

तीन, शब्द कुठल्या वॉलेटने दिले होते? इलेक्ट्रम हे बिटकॉइनचं वॉलेट स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने शब्द बनवतं. ते इलेक्ट्रममध्येच टाका.

चार, खूप पत्ते वापरले असतील तर सलग २० रिकामे पत्ते लागले की बरीच वॉलेट शोध थांबवतात. ती मर्यादा वाढवून पुन्हा शोध घ्या.

थांबा, हे आता घरी करायचं नाही

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतोय आणि चावीची दुसरी प्रत कुठेच नाही, तर तत्क्षणी वीज काढा. 'एकदा परत लावून बघतो' म्हणू नका, प्रत्येक वेळी आतल्या चकतीवर ओरखडा वाढतो. धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. असं काम मीही माझ्या दुकानात घेत नाही.

शब्दांपैकी एक हरवला असेल तर शक्यता २,०४८, दोन हरवले तर सुमारे ४२ लाख. जाणकार माणूस इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर हे करू शकतो. तीन हरवले तर आकडा ८५९ कोटींवर जातो, क्रमही माहीत नसेल तर त्याहून कितीतरी पुढे. हे काम तज्ज्ञाचं. तज्ज्ञ तुमच्यासमोर, तुमच्या मशीनवर काम करायला तयार असेल तरच द्या. आधी पैसे, आधी शब्द, आणि काम व्हॉट्सॲपवर, असं सांगणारा तज्ज्ञ नव्हे.

रक्कम तुमच्या संमतीशिवाय बाहेर गेली असेल, तर दुरुस्ती विसरा. उरलेलं सगळं स्वच्छ उपकरणावरच्या नवीन वॉलेटमध्ये हलवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा. चोरीचा माल एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचला असेल तर पोलिसांच्या पत्रावर तो गोठवता येऊ शकतो, म्हणून तासांनाही किंमत आहे. जाताना हॅश, तुमचा पत्ता, चोराचा पत्ता, वेळ, चॅटचे स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट यांच्या छापील प्रती न्या. हॅश हाताने लिहून नेऊ नका, ६४ अक्षरांत एक जरी चुकलं तर समोरच्या अधिकाऱ्याला काहीच सापडत नाही.